देश सोडला तरी कर्ज सुटत नाही

परदेशी स्थायिक झाल्याने भारतातले वैयक्तिक कर्ज संपत नाही. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार वसुलीच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मर्यादा असते. पण कलम १५ प्रमाणे कर्जदार देशाबाहेर असलेला काळ त्यातून वगळला जातो. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असल्याने नोटीस मागे राहिलेल्या भावाच्या किंवा मित्राच्या दारात येते. अमिरातीत कर्ज घेऊन भारतात परतल्यावरही सुटका नाही: जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीतील दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे भारतातील जिल्हा न्यायालयांमार्फत अमलात आणता येतात. केवळ हप्ते थकणे हा फौजदारी गुन्हा नाही. फसवणूक मात्र आहे. कर्जदाराने नवा पत्ता बँकेला कळवावा, एकरकमी तडजोड लेखी मागावी आणि जामीनदाराला या ओझ्यातून आधी मोकळे करावे.