४२०चं काय झालं?

मंडळी, या वेळी जरा कोर्टाची पायरी चढू या. घाबरू नका, पाहुणे म्हणूनच!

आमच्या प्रोजेक्टवर ढाक्याचा एक टेस्टर आहे. मागे एका कॉलवर कुणा सप्लायरबद्दल तो म्हणाला, "तो माणूस पक्का फोर ट्वेंटी आहे." मी चाटच पडलो. आपला ४२० ढाक्यातही? काकांना विचारलं. ते इंदूरच्या जिल्हा कोर्टात कित्येक वर्षं वकिली करतायत. म्हणाले, "अरे, दंडसंहिता १८६०ची, इंग्रजांची. फाळणी देशाची झाली, कलमांची नाही. तिकडेही खून ३०२ आणि फसवणूक ४२०च." म्हणजे आमच्या भाषेत कोड एकच, सर्व्हर वेगळे.

मग त्यांनी भोपाळचं सांगितलं. तिथे राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे. एप्रिल २०१७मध्ये भारत-बांगलादेश करार झाला आणि तिकडचे न्यायाधीश इथे प्रशिक्षणाला येऊ लागले. इंदूरहून तीन-चार तासांवर हे चाललं होतं आणि मला पत्ताच नाही! मी विचारलं, "काका, न्यायाधीशांना काय शिकवायचं?" "कायदा त्यांना येतोच रे. साक्षीपुरावा कसा तोलायचा, तुंबलेले खटले कसे हलवायचे, हे एकमेकांचं बघूनच कळतं. आणि कलमाचे शब्द तेच, म्हणून आपला निकालही त्यांना उपयोगी पडतो."

जानेवारी २०२५मध्ये मात्र गाडी अडली. ५० न्यायाधीश १० ते २० फेब्रुवारीला येणार होते, खर्च भारत सरकारचा. ढाक्याने परवानगीचं पत्रक काढलं आणि लगेच रद्दही केलं. शेख हसीनांची सत्ता ऑगस्टमध्ये गेली होती, दोन सरकारांत ताण होता. कारणं असतील, पण मला विचाराल तर यात मंत्र्यांचं काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते तारखेची वाट बघत तुरुंगात बसलेल्या कच्च्या कैद्याचं.

शिवाय आपणही कोड बदललाय. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खून आता १०३. त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले मात्र जुन्याच कलमांवर चालू आहेत. दोन्ही व्हर्जन एकाच वेळी लाइव्ह! हे दुखणं आम्हा इंजिनिअरांना विचारा. काकांनी टेबलाच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ताच ठेवलाय. पुढे कधी ढाक्याची तुकडी भोपाळला आलीच, तर तिलाही तो लागेल.

परवा टेस्टरला सांगितलं, "आमच्याकडे ४२०चं आता ३१८ (४) झालंय."

तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "यात शिवीची मजा नाही."