तीस वर्षांची अट आणि आपल्या इमारती

पावसाळा जवळ आला की महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, दारावर नोटिसा चिकटतात, चार दिवस चर्चा होते. या यादीत कोणती इमारत येते हे सगळे पाहतात. कोणती येतच नाही, हे मात्र फारसं कुणी पाहत नाही.

महापालिका कायद्यानुसार ३० वर्षे झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट नोंदणीकृत इंजिनिअरकडून करून घ्यावं लागतं, पुढे दर १० वर्षांनी. सोसायट्यांच्या उपविधींत नियम आणखी कडक आहे: १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी.

आता पडलेल्या इमारती पाहा. भेंडी बाजारची हुसैनी बिल्डिंग (ऑगस्ट २०१७, ३३ मृत्यू) शंभरीच्या पुढची होती. भिवंडीची जिलानी बिल्डिंग सप्टेंबर २०२० मध्ये पहाटे, लोक झोपेत असताना कोसळली, ती १९८४ ची. या दोन्ही नियमात बसत होत्या. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाडची तारिक गार्डन पडली, १६ जण गेले, तेव्हा ती फार तर १० वर्षांची होती. विरारची अनधिकृत इमारत ऑगस्ट २०२५ मध्ये १७ जणांना घेऊन गेली, तिचं वय तिशीच्या निम्म्याच्या आसपास. आणि मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एप्रिल २०१३ मध्ये ७४ माणसं मेली ती इमारत तर अजून बांधून पुरी व्हायची होती!

म्हणजे नियम वय मोजतो आणि इमारत बांधकामावर टिकते. शिवाय वय मोजायलाही कागद लागतो. ज्या बिल्डिंगला मंजूर नकाशा नाही, सोसायटी नाही, बिल्डर फ्लॅट विकून निघून गेला, तिथे ऑडिट करून घ्या असं सांगायचं कुणाला? भिवंडी-मुंब्र्यात अशा इमारतींत राहणारे हजारो लोक आपलेच आहेत.

पण खरी अडचण भीतीची आहे. ऑडिटमध्ये इमारत 'सी-१' ठरली तर घर खाली करावं लागतं, मग परत मिळेल याची खात्री काय? मालकाने मुद्दाम सी-१ चा रिपोर्ट आणला असा संशय पागडीवाल्या भाडेकरूंना येतो, तो दरवेळी खोटा असतोच असं नाही. मुंबईत यावर मार्ग आहे. भाडेकरू स्वतःचा इंजिनिअर नेमू शकतात आणि दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. इमारत पाडली तरी भाडेकरूचा परत येण्याचा हक्क संपत नाही, हेही तिथल्या कायद्यात आहे. अनधिकृत इमारतीत एवढीही खात्री नाही, म्हणून तिथे लोक गप्प बसतात.

मग आपण करतो काय? खांबाला तडा गेला की गिलावा मारतो, ईदच्या आधी रंग देतो. आतली सळई गंजते तेव्हा ती फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. खांबाच्या कोपऱ्यावर उभा तडा दिसतो तो बहुतेकदा याचाच. वरून गिलावा लावला तर तडा झाकला जातो, गंज चालूच राहतो. त्यात बाथरूमची गळती, वरचा वाढीव मजला आणि तळमजल्यावर दुकानासाठी फोडलेली भिंत, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

चांगला इंजिनिअर नुसता बघून जात नाही. हातोड्यासारख्या उपकरणाने काँक्रीटचा कडकपणा, ध्वनिलहरींनी आतली पोकळी, आणि सळई किती गंजली आहे, हे तपासतो, गरज पडली तर काँक्रीटचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतो. यातलं काहीच न करता दोन पानांचं 'इमारत ठीक आहे' असं पत्र कुणी दिलं, तर पैसे वाया गेले समजा. इमारत 'सी-२ बी' असताना, म्हणजे घर खाली न करता दुरुस्ती शक्य असताना तपासणी झाली, तर बेघर व्हायची वेळच येत नाही. उशीर झाला की सी-१ येतो.

खर्च एका कुटुंबाला झेपणार नाही. पण जमाअतीच्या पुढाकाराने मोहल्ल्यातल्या पाच-सहा इमारतींनी मिळून एक इंजिनिअर ठरवला, तर वाटा आटोक्यात येतो. सुरुवात मशीद आणि मदरशाच्या इमारतीपासून करता येईल, कारण तिथे ट्रस्ट आहे, निर्णय घ्यायला माणसं आहेत, आणि जुम्याला शेकडो लोक एकाच वेळी त्या छताखाली उभे असतात.

आणि घर खाली करायची वेळ आलीच, तर आधी प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि राहणाऱ्यांची यादी पालिकेकडून लेखी घ्या, लाईट बिल, भाडेपावती, रेशन कार्ड यांच्या प्रतींसह. सामान हलवायला सुरुवात त्यानंतर. पण 'आत्ताच्या आत्ता बाहेर पडा' असं इंजिनिअरने सांगितलं असेल, तर मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याच रात्री नातेवाईकांकडे पाठवा, कागद नंतर बघता येतील.