आकडा कशाच्या आधारावर उभा आहे?

आमटीत गुळाचा खडा थोडा मोठा पडला तर कोणी तक्रार करत नाही. मीठ चिमूटभर जास्त झाले तर वाटी बाजूला सारली जाते. कोणत्या जिनसेला किती जपायचे, हे सुगरणीला न मोजता कळते. अणुभट्टीचे गणित करणाऱ्या संगणकाला मात्र ते मुद्दाम विचारावे लागते.

अणुभट्टी मुद्दाम बिघडवून तिची परीक्षा घेता येत नाही. म्हणून इंधन किती तापेल, किरणोत्सारी कचरा काही शतकांनी किती उरेल, हे संगणकावर काढतात. त्या आज्ञावलीत शेकडो आकडे घालावे लागतात आणि मोजमापातून आलेला कोणताही आकडा थोडाफार चुकलेला असतोच. उत्तर त्यांतल्या कोणावर टेकलेले आहे? जुनी रीत अशी, की एकेक आकडा किंचित बदलायचा आणि सारे गणित पुन्हा करायचे. हजार आकडे, हजार फेऱ्या!

अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात यासाठी ‘ग्रेस’ नावाची प्रणाली तयार झाली. फोरट्रान भाषेतली आज्ञावली वाचून ती तिच्यातल्या आकडेमोडीला विकलनाची जोड देई. बारावीच्या गणितातला साखळी नियमच हा. फक्त असंख्य वेळा, न कंटाळता वापरलेला. ही साखळी उत्तराकडून मागेही उलगडता येते. आकडेमोडीतल्या बारीक चुका कशा साचतात याचा अभ्यास करताना फिनलंडच्या सेप्पो लिनाइनमा यांनी १९७० मध्ये ती उलटी वाट मांडली. त्या वाटेने मूळ गणिताच्या काही पट श्रमांत हजारही आकड्यांचा हिशेब एकदम हाती येतो.

साधन हाती असताना ‘सर्व सुरक्षित आहे’ एवढेच सांगून कसे चालेल? तो निर्वाळा कोणत्या आकड्यांवर टेकला आहे, हेही लोकांना सांगितले पाहिजे.

अर्थात विकलन सांगते ते गृहीत धरलेल्या आकड्याच्या आसपासचे. गृहीतच चुकले तर ते काय करणार? जपानमधील फुकुशिमा दाईइची केंद्रासाठी त्सुनामीची उंची ५.७ मीटर धरलेली होती. २००८ मध्ये कंपनीच्याच एका गणितातून १५.७ मीटर हे उत्तर आले, पण त्यावर वेळेत बांधकाम झाले नाही. ११ मार्च २०११ रोजी आलेल्या लाटेने १० मीटर उंचीवरचे आवारही बुडवले.

तेव्हा तज्ज्ञांना दोन प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे : उत्तर कोणत्या आकड्यावर टेकले आहे? आणि तो आकडा पुन्हा तपासून कधी पाहिला?