चिमणी सभासदांची, राखही सभासदांचीच



बॉयलरच्या धुरावर पैसा घालायचा विषय निघाला की एक सवाल हमखास येतो : "हा खर्च आमच्या ऊसदरातूनच जाणार ना?" सवाल रास्त आहे. कारखाना सभासदांचा, तेव्हा खर्चही त्यांचाच. पण त्याच न्यायाने चिमणीतून पडणारी राखही त्यांचीच. ती पडते वाळत घातलेल्या कपड्यांवर, मेथीच्या वाफ्यावर, आणि जाते पोराबाळांच्या छातीत. ताळेबंदात ती दिसत नाही, एवढेच.

हवा प्रदूषणाचा कायदा 1981 सालचा. बगॅसच्या बॉयलरला पूर्वी भट्टीच्या प्रकारानुसार एका घनमीटरमागे 250 ते 800 मिलिग्रॅम धूलिकणांची मुभा होती. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने साखर कारखान्यांसाठी ती 150 वर आणली.

"वीज केंद्रांना सूट, मग आम्हालाच बडगा का?" असेही म्हणतात. त्यात तथ्य आहे. कोळशावरच्या केंद्रांना डिसेंबर 2015 मध्ये गंधकाच्या धुराचे नियम लागले. मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये बहुतेकांना त्यातून सूटच मिळाली. आम्हांस हे पटत नाही. पण शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून आपण पाट फोडायचा काय? शिवाय बगॅसमध्ये गंधक नावालाच. आपला प्रश्न राखेचा, आणि राख अडवता येते. वेट स्क्रबर ती पाण्याच्या फवाऱ्याने धरतो, ईएसपी विजेच्या भाराने पत्र्यांवर ओढून घेतो. मात्र यंत्र बसवून भागत नाही, ते रात्रीही चालले पाहिजे.

आता शेतीकडचे. शंभर टन उसामागे 28 ते 30 टन बगॅस निघतो, त्यात निम्मे पाणी. चिखलासकट ऊस आला की माती बगॅसमध्ये उतरते; ती जळत नाही, राखच वाढवते. बगॅस जास्त ओला राहिला तर भट्टी थंडावते आणि काजळी सुटते. म्हणजे चिमणीचा धूर फडातच सुरू होतो. मोळी झटकून, वाढे-पाचट काढून ऊस गाडीत भरणे हे टोळीकडून करून घेणे सभासदाच्या हाती आहे. आणि तोडणीनंतर पाचट पेटवले, तर त्या धुराला ना चिमणी, ना स्क्रबर!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2014 मध्ये साखरेसह 17 प्रकारच्या उद्योगांना चिमणीवर सतत मोजणारी यंत्रे बसवायला सांगितले. तो आकडा मंडळाला दिसतो, मग मालकाला का दिसू नये? या अंकात गाळप आणि उतारा छापतो, तसाच दरमहा चिमणीचा आकडाही छापावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. 150 च्या वर गेला तर सर्वसाधारण सभेत जाब विचारा. उसाच्या दराबद्दल विचारता, तसाच.

— ऊस विकास अधिकारी