कुंपण ओलांडलं, पुढे काय?

तो फोटो तुम्हीही कधी ना कधी बघितला असेल. काटेरी तारांचं कुंपण, अलीकडे-पलीकडे माणसांचे हात आणि त्या हातांवरून बाहेर येणारं बीगलचं पिल्लू. फोटो इटलीतल्या माँटिकियारी गावचा, एप्रिल २०१२चा. तिथे 'ग्रीन हिल' नावाचं केंद्र होतं. प्रयोगशाळांना विकण्यासाठी तिथे बीगल वाढवले जायचे. कार्यकर्ते भरदिवसा कुंपण चढून आत शिरले आणि काही कुत्री घेऊन बाहेर आले. बारा जणांना अटक झाली. फोटो मात्र जगभर गेला.

मी तो एका रीलमध्ये बघितला, मागे सॅड म्युझिक लावलेलं. लगेच तीन ग्रुपवर टाकला. दोन ग्रुपवर रडके इमोजी आले. तिसऱ्यावर बी. फार्म करणाऱ्या मैत्रिणीचा एकच मेसेज आला, "आजीचं इन्सुलिन कुठून आलं ते बघ आधी."

राग आला. पण बघितलं. १९२१मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधलं, ते कुत्र्यांवर प्रयोग करूनच. आमच्या फ्रिजच्या दारात आजीच्या इन्सुलिनची बाटली असते, अगदी लिंबांच्या शेजारी. त्यामुळे 'सगळे प्रयोग आजच्या आज बंद करा' असं मी आता तितक्या सहज म्हणू शकत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी जी गरज होती ती आजही तेवढीच आहे का, आणि त्या गरजेच्या नावाखाली काय काय चालतं, हे विचारायला इन्सुलिनची बाटली मला अडवत नाही. मग विचारायचं कसं? कुंपणावर चढून, कोर्टात जाऊन की कागद मागून?

आधी एक गोष्ट. प्रयोगांसाठी बीगलच का? कारण तो आटोपशीर आकाराचा असतो, शांत असतो आणि दुखावलं तरी सहसा चावत नाही. सुई टोचणाऱ्या हातापुढेही तो शेपूट हलवतो. त्याचा चांगला स्वभाव हीच त्याची 'पात्रता'. हे कळल्यावर मला शेजारच्यांच्या बीगलकडे सरळ बघवेना.

आता ग्रीन हिलचं पुढे काय झालं ते बघू, कारण रील तिथे पोचतच नाही. कुंपणावरून जी कुत्री बाहेर आली ती मोजकीच. आत अडीच हजारांहून जास्त उरली होती. ती सुटली जुलै २०१२मध्ये, जेव्हा दोन संस्थांच्या तक्रारीवरून सरकारी यंत्रणेने केंद्रावर जप्ती आणली. मग एकेक कुत्रं घरोघरी सांभाळायला दिलं गेलं. २०१५मध्ये केंद्र चालवणाऱ्यांना छळाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. त्याआधी २०१४मध्ये इटलीने कायदाच केला, प्रयोगांसाठी कुत्री, मांजरं आणि माकडं देशात पैदा करायची नाहीत. म्हणजे फोटोने लोकांना जागं केलं, पण कुलूप उघडलं ते तक्रारीने.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. व्हर्जिनिया राज्यात कंबरलंडला 'एन्व्हिगो' या कंपनीचं बीगल पैदास केंद्र होतं. तिथे कुणी कुंपण चढलं नाही. 'पेटा'ची एक व्यक्ती २०२१मध्ये कामगार म्हणून आत लागली आणि कित्येक महिने व्हिडिओ करत राहिली, नोंदी ठेवत राहिली. त्याच वर्षी सरकारी निरीक्षक गेले, तर त्यांच्या अहवालातही तेच. अवघ्या काही महिन्यांत तीनशेहून जास्त पिल्लं मेलेली आणि कशाने मेली याची नोंद नाही. पिल्लांना दूध पाजणाऱ्या कुत्र्यांना जवळजवळ दोन दिवस खायला दिलेलं नाही. हे सगळं सरकारच्याच कागदावर होतं. तरी केंद्र चालूच राहिलं! पहिला अहवाल जुलै २०२१चा आणि सरकार कोर्टात गेलं मे २०२२मध्ये. मधल्या दहा महिन्यांत बातम्या आल्या, लोकप्रतिनिधींनी पत्रं लिहिली, राज्याच्या विधिमंडळाने नवे कायदे केले. मग कुठे हललं. शेवटी जवळपास चार हजार बीगल बाहेर आले, देशभरातल्या घरांत गेले. २०२४मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला आणि दंड वगैरे मिळून साडेतीन कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम मोजायचं मान्य केलं.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं. विस्कॉन्सिन राज्यातलं 'रिजलन फार्म्स'. २०१७मध्ये काही कार्यकर्ते रात्री आत शिरले, चित्रीकरण केलं आणि तीन कुत्री घेऊन आले. तोंडं झाकली नाहीत, व्हिडिओही स्वतःच्या नावाने जाहीर केला. याला 'ओपन रेस्क्यू' म्हणतात. यात पकडलं जाणं हा अपघात नसतो, तो बेताचाच भाग असतो. कारण खटला उभा राहिला तर आत काय चालतं हे कोर्टात सांगता येतं. त्यांच्यावर घरफोडीचे आणि चोरीचे गंभीर गुन्हे दाखल झाले. मात्र मार्च २०२४मध्ये खटला सुरू व्हायच्या तोंडावर सरकारी पक्षाने तो मागेच घेतला. तुरुंग टळला म्हणून हे लोक खूश व्हायला हवे होते ना? ते झाले नाहीत. त्यांनी उलटा अर्ज केला, आता या फार्मवर विशेष वकील नेमा. तिथे काम केलेल्या लोकांनी साक्षी दिल्या आणि जानेवारी २०२५मध्ये न्यायाधीशांनी अर्ज मान्य केला. ऑक्टोबर २०२५मध्ये तडजोड झाली. पैदाशीचा परवाना १ जुलै २०२६पर्यंत सोडायचा आणि त्या बदल्यात खटला भरायचा नाही. तोपर्यंतच्या विक्रीवर मात्र बंदी नव्हती. म्हणजे अर्धा विजय. तीन कुत्र्यांपासून इथवर यायला आठ वर्षं लागली.

या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की माझं मत बनतं ते असं. कुंपण ओलांडणं ही सुरुवात असू शकते, पण तोच मार्ग समजणं ही स्वतःची फसवणूक आहे. तोंड झाकून कुत्रं पळवलं तर एक पिंजरा रिकामा होतो आणि लगेच भरतोसुद्धा. स्वतःच्या नावानिशी, परिणामांची तयारी ठेवून केलं, तर निदान प्रश्न सगळ्यांसमोर येतो. आणि नुसते कागद? तेही पुरेसे नाहीत. फाइलमधला अहवाल स्वतःहून उठून पिंजऱ्याचं दार उघडत नाही, त्याला धक्का देणारे लोक लागतात. राहता राहिली कामगारांना धमक्या, घरांवर दगडफेक ही पद्धत. ब्रिटनमध्ये काही वर्षांपूर्वी तेही झालं. मला ते चूक वाटतं, आणि नुसतं नैतिकदृष्ट्या नाही. त्या दिवसापासून बातमी कुत्र्याची राहत नाही, दगडाची होते.

मैत्रीण इथे पुन्हा अडवते. "एक फार्म बंद झालं तर लॅब दुसरीकडून कुत्री आणेल, मग?" बरोबर आहे तिचं. मागणी जोवर आहे तोवर पैदास होणारच. नव्या औषधाची चाचणी माणसावर करण्याआधी साधारणपणे दोन प्रकारच्या प्राण्यांवर करायची पद्धत आहे. एक उंदराच्या जातकुळीतला आणि दुसरा त्याबाहेरचा. त्या दुसऱ्या जागी बहुतेकदा बीगल येतो. म्हणून खरी लढाई या नियमांशी आहे. अमेरिकेने डिसेंबर २०२२मध्ये कायदा बदलून प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. आपल्याकडेही २०२३मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींवरच्या, चिपवरच्या आणि संगणकावरच्या पद्धतींना जागा मिळाली. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या तर आपण २०१४मध्येच बंद केल्या. या नियमांवर रील बनत नाही, हे मान्य. पण त्यांनी वाचणारी कुत्री फोटोतल्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असतील.

आणि सुटलेल्या कुत्र्याचं काय? २०१६मध्ये बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेतून दीडशेहून जास्त बीगल रीतसर बाहेर आले आणि 'क्यूपा' या संस्थेने त्यांच्यासाठी घरं शोधली. जन्मापासून पिंजऱ्यात राहिलेल्या अशा कुत्र्याला जिना म्हणजे काय, गवत म्हणजे काय हे माहीत नसतं. प्रेशर कुकरच्या शिट्टीलाही ते दचकतं. त्याला दत्तक घेणं म्हणजे महिनोन्महिने धीर धरणं. ओळखीत कुणी 'बीगलचं पिल्लू विकत घेऊ या' म्हणालं, तर आधी हे सांगा.

आपण काय करू शकतो, असं विचाराल तर माझ्याकडे एक अगदी कंटाळवाणं उत्तर आहे. भारतात प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला प्राणी नैतिकता समिती ठेवावी लागते. त्या समितीत एक जागा असते शास्त्रज्ञ नसलेल्या, समाजभान असलेल्या नागरिकाची. सरकारी संस्था असेल तर समितीच्या बैठका कधी झाल्या, किती प्राणी वापरले, किती जिवंत बाहेर पडले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाची फी दहा रुपये.

माझा अर्ज लिहून झालाय. मैत्रिणीला वाचायला दिला, तर तिने दोन प्रश्न खोडले आणि तीन नवे घातले. म्हणाली, "हे विचार, याची उत्तरं त्यांना द्यावीच लागतील." तिचे प्रश्न माझ्यापेक्षा चांगले आहेत.