पगार विचारला म्हणून देशप्रेम कमी होत नाही

"पगार बघून फौजेत जाणारा कसला देशभक्त?" हे वाक्य मी रील्सखालच्या कमेंटमध्ये वाचलंय, चहाच्या टपरीवर ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतही ऐकलंय. बोलणाऱ्याचं घर कुणाच्या पगारावर चालतं, हे मात्र त्याला कुणी विचारत नाही.

मी विचारतो. मी बोईसरचा, वय वीस. तारापूर एमआयडीसीत कंत्राटावर काम करतो आणि घर माझ्याच पगारावर चालतं. पहाटे सोळाशे मीटर मारतो, मग शिफ्टला जातो. मला फौजेत जायचंय. आणि हो, मला पगारही हवाय. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत असं ज्याला वाटतं, त्याच्याशी माझं भांडण आहे.

देशप्रेमाचे धडे पालघरला देऊ नका. 14 ऑगस्ट 1942 ला इथल्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. आमचा हुतात्मा चौक त्यांचाच. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून चालू आहे. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली. देशाला वीज मिळाली. गावकऱ्यांच्या पुनर्वसनाचा आणि नोकऱ्यांचा वाद मात्र वर्षानुवर्षं चालला. म्हणून आमच्याकडची माणसं म्हणतात, द्यायला ना नाही, पण बदल्यात काय मिळणार ते आधी कागदावर बघावं.

तर कागद बघू. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली. नोकरी चार वर्षांची, ट्रेनिंग धरून. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये. त्यातले 9,000 सेवा निधीत कापून हातात 21,000. चौथ्या वर्षी 40,000 पैकी 28,000. भत्ते वेगळे. शेवटी व्याजासह सुमारे 11.71 लाख, आणि त्यातली निम्मी भर आपल्याच पगारातून कापलेली. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढे कायम होणार. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

खोटं कशाला बोलू, हातात येणारे हे पैसे माझ्या आजच्या पगारापेक्षा जास्त आहेत. चार वर्षं घर नीट चालेल. पाचव्या वर्षी काय? बाबांची औषधं तेव्हाही लागतील, बहिणीचं कॉलेज तेव्हाही चालूच असेल. मी मात्र पुन्हा त्याच एमआयडीसीच्या गेटवर, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान पोरांसोबत रांगेत. केंद्रीय पोलीस दलांत माजी अग्निवीरांना राखीव जागा आहेत, मान्य. पण राखीव जागा म्हणजे पुन्हा फॉर्म, पुन्हा परीक्षा. हातात नेमणुकीचं पत्र नव्हे.

सरकार म्हणतं, सैन्य तरुण हवं. सरासरी वय 32 वरून 26 वर आणायचंय. पटतं. डोंगर चढायला तरुण पाय लागतात. पण तरुण सैन्यासाठी म्हातारपणाचा आधार का काढायचा? पूर्वी पंधरा वर्षं नोकरी केलेल्या जवानाला आयुष्यभर पेन्शन मिळायची. तो खर्च सरकारच्या वहीतून गेला, पण हवेत विरला नाही. तो चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोराच्या घरी येऊन बसला.

सगळ्यात जास्त खटकतं ते मरणातलं अंतर. ऑक्टोबर 2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचेनमध्ये गेला. अशा वेळी घरच्यांना विम्यासह मोठी एकरकमी रक्कम मिळते, आणि ती मिळायलाच हवी. पण नियमित जवानाच्या घरी दर महिन्याला येणारी कुटुंब पेन्शन अग्निवीराच्या घरी येत नाही. सियाचेनचा बर्फ दोघांना सारखाच. मे 2025 मध्ये सीमेपलीकडून झालेल्या माऱ्यात शहीद झालेल्या, घाटकोपरला घर असलेल्या अग्निवीराच्या आईने याच भेदाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

मागणं दोनच. सीमेवर गेलेल्या प्रत्येकाच्या घराला सारखी कुटुंब पेन्शन द्या. आणि चार वर्षांनी ज्यांना बाहेर काढाल, त्यांना थेट नेमणूक द्या.

ग्राउंड मारणाऱ्या माझ्या मित्रांनो, फॉर्म भरण्याआधी हे आकडे वहीत मांडा आणि घरच्यांसमोर मोठ्याने वाचा. कुणी हिणवलं तर लाजू नका. महिन्याच्या सात तारखेला घरी पैसे पोचले, हे माहीत असलेला जवान पोस्टवर निर्धास्त उभा राहतो. मी फॉर्म भरणार आहे. पगाराबद्दलही विचारणार आहे.