नाकारलेली शाळा

अमेरिकेतल्या वर्णभेदी शिक्षणाचा विषय निघाला की बोलणं शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राउन निकालाशी येऊन थांबतं. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. गोरी-काळी मुलं एकत्र बसवायची वेळ आली, तेव्हा १९५९मध्ये काउंटीने सरकारी शाळांसाठी एक डॉलरही मंजूर केला नाही. शाळांना कुलपं लागली. गोऱ्या मुलांची खासगी अकादमी लगेच सुरू झाली आणि वर्षभरात तिच्या फीसाठी सरकारी अनुदानही मिळू लागलं. सुमारे १७०० काळी मुलं घरी बसली.

१९५९च्या अखेरीस काही गोऱ्या पुढाऱ्यांनी ‘साउथसाइड स्कूल्स’ नावाची संस्था काढली. काळ्या मुलांसाठीही खासगी शाळा चालवू, पालकांनी अर्ज करावेत, असं जाहीर केलं. अर्ज आला फक्त एक.

हा आकडा पुस्तकांत ओझरता येतो. तो ठळक छापायला हवा. आपलं पोर शाळेविना घरी आहे, शाळा समोरून चालून येते आहे, आणि तरीही गावच्या गाव सही करत नाही. ही हतबलता नव्हे, हा विचारपूर्वक घेतलेला राजकीय निर्णय होता. ती शाळा पत्करली की वेगळ्या शाळा काळ्यांनाही मान्य आहेत, असं म्हणायला काउंटी मोकळी झाली असती.

काउंटीच्या औदार्याचा अनुभव या पालकांना होता. काळ्या मुलांचं मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधलेलं. त्यात ४५०हून जास्त मुलं कोंबलेली. जादा वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरायचे. शेगडीजवळचं मूल भाजून निघायचं, कोपऱ्यातलं अंगात कोट घालून कुडकुडायचं. १९५१मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने तिथे विद्यार्थ्यांचा संप घडवला. त्यातून खटला उभा राहिला आणि मग मात्र नव्या इमारतीसाठी पैसे निघाले. १९५९मध्ये त्या नव्या इमारतीलाही कुलूप लागलं.

पालकांच्या नकाराची किंमत मुलांनी मोजली. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हेही नीट सांगितलं पाहिजे. काही मुलं परराज्यात नातेवाइकांकडे, अनोळखी कुटुंबांकडे गेली. काहींना चर्चच्या तळघरात जमेल तेवढं शिकवलं गेलं. कित्येकजण पुन्हा शाळेत गेलेच नाहीत. पण त्यांना नुसतं ‘शिक्षणाला मुकलेली पिढी’ म्हणून मोकळं होणं अन्यायाचं आहे. त्यात कुलूप लावणाऱ्याचं नाव येत नाही आणि नकार देणाऱ्याचंही येत नाही.

१९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काउंटीला शाळा उघडायला लावल्या. ती खासगी शाळा काळ्या मुलांनी भरली असती, तर शाळाबंदीविरुद्धचा हा खटला बहुधा तिथवर पोचलाच नसता.